'कामगार' राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'कामगार' हा शब्द फारसी, तेव्हा तो सोडून 'श्रमिक' म्हणावं, अशी सूचना आपल्या १ मेच्या पुरवणीत वाचली. मी भुसावळकडचा, छत्तीस वर्षं रुळांवर काढलेला माणूस. लागलो तेव्हा गँगमन, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीतला गडी, मधे कागदावर ट्रॅकमन झालो, निवृत्त झालो ते ट्रॅक मेंटेनर म्हणून. हातातलं खडी ठोकायचं बीटर तेच, खांद्याचं दुखणंही तेच. त्यामुळे कुणी नाव बदलायचं म्हटलं की मी जरा सावध होतो.

मुळात 'कामगार' पुरता फारसी नाहीच. 'काम' आपलं, 'कर्म'चं प्राकृतात 'कम्म' झालं त्यातून आलेलं. फारसी आहे तो मागचा 'गार', 'गुन्हेगार'मधला. फारसीतही 'कामगार' आहे, पण तिथे त्याचा अर्थ भाग्यवान, मनातली इच्छा पुरी झालेला. तिथला 'काम' हा आपल्या 'कामने'चा भाऊ. मे महिन्यात तापलेल्या रुळांवर वाकलेल्या आमच्या गँगला कुणी 'भाग्यवान' अशी हाक मारली असती, तर मेटने, म्हणजे आमच्या मुकादमाने, त्याला आधी पाणी पाजून सावलीत बसवलं असतं.

परका म्हणून हाकलायचंच तर 'मजूर' आधी जाईल. फारसीत 'मुज्द' म्हणजे कामाचा मोबदला. तो घेणारा मजदूर, आपला मजूर. 'हमाल' अरबी, ओझं वाहणारा. 'माथाडी' मात्र आपल्याच माथ्यावरून आलेला. १९६९ च्या राज्याच्या कायद्याच्या नावात माथाडी आणि हमाल शेजारी शेजारी बसलेत, पुढे 'कामगार'ही आहे, आणि त्यांचं काही भांडण नाही. 'वेठबिगार' तर बघाच. 'वेठ' संस्कृत 'विष्टि'पासून, 'बिगार' फारसी, आणि दोन्हींचा अर्थ फुकट राबवून घेणं. या एका बाबतीत दोन्ही भाषांचं एकमत! ती पद्धत बंद करणारा कायदा यायला १९७६ साल उजाडलं.

'श्रमिक'मध्ये मला नुसता थकवा दिसतो. कामगारात निदान काम तरी आहे.

आमच्याकडचा खरा शब्द 'सालदार', म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका मालकाच्या शेतात राबणारा गडी. माझे वडील सालदार. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल फिरतं. त्या दिवशी वडील मालकाच्या ओट्यावर बसायचे, ओट्याच्या खालच्या पायरीवर. वर्षाचे पैसे किती, ज्वारी किती पोती, जोडे, घोंगडी, उचल किती, सगळं तोंडी ठरायचं. मग एक सुपारी. घरी येताना वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "औंदा कोनकडे शे?" म्हणजे यंदा कुणाकडे आहेस? व्याकरण म्हणतं, 'दार' म्हणजे धरणारा, बाळगणारा. जमीनदाराकडे जमीन असते, दुकानदाराकडे दुकान. सालदाराकडे साल असायला हवं, पण ते उचलीपोटी आधीच मालकाकडे गेलेलं असायचं. तरीही वडिलांना त्या शब्दाचा मान होता. माझं नाव शाळेत घालताना गुरुजींनी 'वडिलांचा धंदा' या रकान्यात 'मजूर' लिहिलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्यांनी काय लिहिलं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "मजूर नही, सालदार शे मी." मजूर म्हणजे आज या बांधावर, उद्या त्या बांधावर, सालदार म्हणजे ज्याला बैलांची नावं ठाऊक. गुरुजी म्हणाले, "एकच ते."

नोकरीत जन्मतारखेच्या कामासाठी रजिस्टरचा उतारा काढला, तेव्हा तो रकाना पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. निळ्या शाईत 'मजूर', मागेपुढे काही खाडाखोड नाही.

आपला,
एक निवृत्त गँगमन, भुसावळ