विषय: ३०२चा कूलर, माझी करवत आणि फलकावरची नोटीस

छत्रपती संभाजीनगर
दि. १९ मे २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष
(माहितीसाठी मा. सचिव, कारण नोटिशीवर सही त्यांची आहे)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी सदनिका क्र. २०२ची सदस्य असून गेल्या अकरा वर्षांत माझ्याकडे मेंटेनन्सचा एक रुपयाही थकलेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील.

गुरुवारी, दि. १६ मे रोजी, फलकावर नोटीस लागली: ‘काही सदस्य सदनिकेत सुतारकाम व फर्निचरचा व्यवसाय करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार त्वरित बंद करावा.’ ‘काही सदस्य’ असं आडून लिहायचं कारण नव्हतं. इमारतीत सोळा घरं आहेत आणि करवत एकाच घरात आहे. ३०२च्या सदस्यांनी बुधवारी संध्याकाळी जिन्यात उभं राहून तोंडी तक्रार केली. गुरुवारी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला खाली गेले तर नोटीस लागलेली. आपल्या समितीला इतकं झपाट्यानं काम करता येतं हे मला अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

माझा लेखी अर्ज ३ एप्रिलचा आहे. पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. सदस्याच्या लेखी तक्रारीवर लगेचच्या समिती सभेत निर्णय घ्यायचा आणि तो पंधरा दिवसांत सदस्याला कळवायचा, असं उपविधीत लिहिलेलं आहे. उपविधींचं पुस्तक कार्यालयाच्या कपाटात, वरच्या खणात, दिवाळीच्या माळांखाली आहे. मी पाहिलंय.

आता त्या अर्जात काय होतं ते पुन्हा सांगते, कारण तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

३०२चा कूलर जुना, लोखंडी टाकीचा, खिडकीबाहेर अँगलवर बसवलेला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला आणि त्याच दिवसापासून टाकीच्या गंजक्या बुडातून माझ्या बाल्कनीत थेंब पडू लागले. मी बादली ठेवली. शेजारधर्म म्हणून गप्प बसले. पण टाकी भरायला पाइप लावून माणसं टीव्ही बघायला बसतात, टाकी भरून वाहते, तेव्हा थेंबांची धार होते. ती काही बादलीत पडत नाही. वाऱ्याला बादली कुठं ठेवलीय हे ठाऊक नसतं. यंदा जायकवाडीनं तळ गाठलाय, नळ आठवड्यानं येतो, टँकरला आपण सगळे वर्गणी देतो. त्या वर्गणीतलं माझं पाणी माझ्याच बाल्कनीत असं वरून परत येतं.

बाल्कनीत माझं लाकूड होतं.

सचिवांना बहुतेक असं वाटतं की मी पाट आणि स्टुलं करून विकते. म्हणून नाइलाजानं थोडं सविस्तर लिहावं लागतंय. मी इंटार्सिया शिकते. वेगवेगळ्या रंगाच्या लाकडांचे तुकडे कापून, एकमेकांत घट्ट बसवून चित्र तयार करायचं. रंग लावायचा नाही. लाकडाचा जो रंग तोच चित्राचा. इटलीत पंधराव्या शतकात हे काम भरात होतं. उर्बिनोच्या ड्यूकनं १४७०च्या दशकात आपल्या महालातली एक लहानशी अभ्यासिका अशी मढवून घेतली की भिंतीत अर्धी उघडी कपाटं दिसतात, आणि हात लावावा तर सगळं सपाट. हल्ली त्यात प्रत्येक तुकडा घासून गोलाई देतात, खालून पातळ प्लाय लावून काही तुकडे उचलतात, म्हणजे पक्ष्याचं पोट पोटासारखं वर येतं. इटली लांब वाटत असेल तर मैसूरची शिसवीत लाकूड भरून केलेली चित्रं आठवावीत. आपल्या खजिनदारांच्या दिवाणखान्यात एक आहे. पाहुणे आले की ते कौतुकानं दाखवतात.

माझं चित्र हळद्या पक्ष्याचं. अंग हळदूचं, कारण हळदूचं लाकूड मुळातच पिवळं. डोळ्यावरची पट्टी, पंख आणि शेपटी शिसवाची, चोच खैराची, फांदी सागाची. मागचं आभाळ शिवणीचं, फिकट, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात आभाळ निळं कुठं असतं? एकूण ४३ तुकडे. हळदूची फळी मिळवायला मी चार लाकूडवाल्यांकडं गेले. तिघांनी आधी विचारलं, मॅडम, सोबत कोणी आहे का.

हे एका दिवसात येत नाही. मशीन, म्हणजे बारीक पात्याची विजेवरची करवत, स्क्रोल सॉ, ऑक्टोबरात आली, मुलीनं घेऊन दिली. पहिल्या तासात मी सात पाती मोडली. स्क्रोल सॉचं पातं पाच इंच लांब आणि जाड दोऱ्याएवढं असतं. ते ढिलं राहिलं तर वळणावर भरकटतं, फार ताणलं तर तुटतं. बोटानं छेडलं की बारीक, स्वच्छ आवाज यावा इतकं ताणायचं. सरळ रेघ कापताना माझं पातं सारखं उजवीकडं ओढायचं. मला वाटलं हात वाकडा, वय झालं. मग समजलं की पात्याच्या एका अंगाला कारखान्यातूनच बारीकशी कड राहते, ती एका बाजूला जास्त कापते, म्हणून लाकूडच जरा तिरपं धरून पुढं सरकवायचं. एकतीस वर्षं मी मुलांना भूमिती शिकवली आणि सरळ रेषेसाठी तिरपं धरावं लागतं हे साठीनंतर शिकले. लाकूड ढकलायचं नाही, पात्याला त्याच्या गतीनं खाऊ द्यायचं. शिसवावर चिकटपट्टी लावून कापलं की लाकूड जळत नाही. शिवाय प्रत्येक तुकड्यातली लाकडाच्या धाग्यांची रेषा कुठल्या दिशेनं जावी हे आधी ठरवायचं, नाहीतर पंखाची पिसं आडवी दिसतात. हे सगळं मी दुपारी, पंखा बंद करून शिकले, कारण पंखा लावला की भुसा घरभर होतो.

तर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ४३ पैकी ३६ तुकडे कापून, घासून, एकमेकांत बसलेले होते. दोन तुकड्यांच्या मधून उजेड दिसत नव्हता. बाल्कनीतल्या स्टुलावर, जुन्या पाटीवर मांडून ठेवले होते, बाजूला उरलेल्या फळ्या. ५ तारखेला दुपारी मी पेन्शनच्या कामाला गेले आणि वर टाकी वाहिली. म्हणजे माझ्या अर्जानंतर दोन दिवसांनी. हे मुद्दाम लिहिते.

लाकूड पाणी पितं आणि फुगतं, तेही लांबीत नाही, रुंदीत. म्हणून सगळे तुकडे सारखे फुगले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण एकाची रेषा उभी, शेजारच्याची आडवी. वाळल्यावर हळदूची फळी वाटीसारखी वाकली. पंखाचा सतरा नंबरचा तुकडा आता बसत नाही, अठराच्या कडेला बोटभर लांब फट पडलीय. सागाच्या फांदीवर निळसर काळे डाग आले. सागात तुरट द्रव्य असतं, गंजकं पाणी लागलं की तिथं शाईसारखा काळा रंग उतरतो. घासलं तरी जात नाही, आत मुरलेला असतो. म्हणजे पाणी कुठून आलं याचा पुरावा फांदीनंच दिलाय. माझ्या नळाचं पाणी गंजकं नाही. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी यावं, चहा मिळेल.

आता आवाजाविषयी, म्हणजे ज्यासाठी नोटीस लागली त्याविषयी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५, असा ध्वनिप्रदूषणाचा सन २००० चा नियम आहे. मी मोबाइलवर मोजलं. बाल्कनीचं दार लावून मशीन चालू असताना जिन्यात ४८. मशीनजवळ ७४ भरतात, पण मशीनजवळ मीच बसते. रात्री साडेअकराला, सगळं सामसूम असताना, ३०२च्या कूलरचा आवाज माझ्या झोपण्याच्या खोलीत ५७. मशीन १२० वॅटची आहे. कोणत्याही स्वयंपाकघरातला मिक्सर तिच्या चौपट-पाचपट असतो, आणि शेंगदाण्याची चटणी करताना मिक्सर बंद करा अशी नोटीस आजवर कोणी लावलेली नाही. मी दुपारी चार ते सहा काम करते. एक ते चार लोक झोपतात हे मला कळतं. परीक्षांच्या दिवसांत, कोणी न सांगता, मी तीन आठवडे मशीन लावली नव्हती. याचा उल्लेख नोटिशीत नाही.

‘व्यवसाय’ हा शब्द तर मला लागलाच. मी आजवर एक वस्तू विकलेली नाही. १०४च्या लेकराला लाकडी कोडं करून दिलं, पैसे विचारले का? आणि ३०२च्या वहिनींनी जानेवारीत, हळदीकुंकवाला आल्या तेव्हा, स्वतः तोंडानं मागून उंबऱ्यासाठी स्वस्तिक कापून घेतलं. त्याच मशीनवर. तेव्हा आवाज झाला नाही.

त्यांच्या यजमानांचं म्हणणं मला जिन्यातून ऐकू आलं: ‘बाईमाणसाला काहून पाहिजे करवत.’ यावर मी काही लिहिणार नाही. फक्त एवढंच, की इथून तीस किलोमीटरवर वेरूळचं दहावं लेणं आहे. त्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, सुतार का झोपडा म्हणतात, कारण आतल्या कमानीला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. त्या लोकांना सुताराचं काम डोंगरात कोरून ठेवावंसं वाटलं. आपल्या समितीला ते टाचणीनं टोचून फलकावर लावावंसं वाटलं.

इतर रहिवाशांचं म्हणाल तर १०१च्या काकू, ४०३चे आजोबा आणि आणखी तीन घरं माझ्या बाजूनं आहेत. तिघांनी नाव घालू नका असं सांगितलंय, म्हणून घालत नाही. ४०३च्या आजोबांना ऐकू कमी येतं असं कोणी म्हणेल, पण त्यांचं मत तर आहे ना.

मी खरं तर जुनं काही काढणारी बाई नाही. नाहीतर २०१७ साली गच्चीवर माझ्या कुरडया वाळत असताना तिथंच कोणी गालिचा झटकला, हे मी आजवर लेखी दिलं असतं. २०१९ला ३०२च्या बाथरूमची गळती माझ्या देवघराच्या भिंतीला आली. रंग मी माझ्या खर्चानं दिला, पावती आहे. लॉकडाउनमध्ये पहाटे साडेपाचला माझ्या डोक्यावर कोणी दोरीच्या उड्या मारायचं, तेव्हा मी म्हणायचे, जाऊ दे, तब्येतीसाठी करतात. त्यांची दुसरी स्कूटर पाच वर्षं माझ्या जागेत अर्धी घुसलेली असते. माझ्याकडं गाडी नाही हे खरं, पण जागा आहे. १३ तारखेला मतदानाच्या रांगेत ते माझ्यापुढं दोन माणसं सोडून उभे होते, मी हसून नमस्कार केला. दोनच दिवसांनी त्यांनी तक्रार केली.

भुशाबद्दलही त्यांचं म्हणणं आहे म्हणतात. भुसा मी व्हॅक्यूमनं ओढून पिशवीत भरते, तोंडाला मास्क असतो, शिसवाची धूळ अंगाला खाजते म्हणून बाह्या लांब. पहिल्या मजल्यावर भुसा जातो म्हणावं तर १०२चं काही म्हणणं नाही. आणि ३०२ माझ्या वर आहे. भुसा वर जातो का, हे एखाद्या शास्त्राच्या शिक्षकाला विचारून घ्यावं.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. नोटीस जितक्या झपाट्यानं लागली तितक्याच झपाट्यानं काढावी, आणि ‘व्यवसाय’ या शब्दाबद्दल दुरुस्तीची नोटीस तितक्याच मोठ्या अक्षरांत लावावी. ३०२नं कूलरखाली ट्रे बसवावा किंवा टाकीचं बूड बदलावं. त्याला फार तर एक दुपार लागते, पत्रेवाला मी सांगते, पैसे त्यांचे. हळदूची भरपाई मी मागत नाही, कारण तशी फळी पैशानं लगेच मिळत नाही. समितीला दंड करायचाच असेल तर तो सोसायटीच्या फंडात घ्यावा, मला नको. आणि तळमजल्यावरची वॉचमनची खोली, जिच्यात सध्या दोन तुटक्या खुर्च्या आणि मागच्या गणपतीचा मंडप आहे, ती मला दुपारी दोन तास वापरायला द्यावी. विजेचं बिल मी भरीन. मग जिन्यात ४८ पण येणार नाहीत. याला ३०२नं हरकत घेतली तर हरकत आवाजाला नव्हती हे आपोआप कळेल.

पुढच्या सभेत हा विषय ‘इतर’मध्ये शेवटी न घेता पहिला घ्यावा, कारण शेवटी सगळे जेवायला उठतात.

आपली विश्वासू,
(सही)
सदनिका क्र. २०२

सोबत: ३ एप्रिलच्या अर्जाची पोच (झेरॉक्स), २०१९च्या रंगाची पावती (झेरॉक्स), डाग पडलेला सागाचा एक तुकडा (अस्सल, पाहून परत करावा).

ता. क. आपल्या दारावरची नावाची पाटी गेल्या दिवाळीला मीच करून दिली होती. वहिनींना ‘ष’ नीट आला नाही असं वाटत होतं. तो दुरुस्त करून देते म्हणाले होते, पण तूर्त मशीन नोटिशीप्रमाणे बंद आहे.