कलात्मक हिंदी चित्रपटाला संध्याकाळचा एक खेळ द्या

मा. संपादक,
स. न.

गल्लाभरू हिंदी चित्रपट आणि कलात्मक हिंदी चित्रपट हा वाद निघाला की आपल्या बेळगावात त्याचा निकाल चटकन लागतो. ‘इथल्या प्रेक्षकाला असले चित्रपट नकोच असतात,’ असे म्हणून विषय संपतो. आम्हाला हे पटत नाही. नाकारण्याइतकी संधीच प्रेक्षकाला मिळत नाही. चांगला पण छोटा हिंदी चित्रपट इथे लागलाच तर बहुधा एका पडद्यावर, सकाळी दहाच्या सुमारास किंवा रात्री दहानंतर लागतो. सकाळी नोकरदार आणि विद्यार्थी येऊ शकत नाहीत. रात्रीचा खेळ सुटल्यावर खानापूर-निपाणीकडच्या माणसाने घरी जायचे कसे? सोमवारी गल्ल्याचा आकडा पाहून चित्रपट उतरवतात. ज्यांनी तो पाहिला आणि ज्यांना आवडला, त्यांना चार जणांना सांगायलाही सवड मिळालेली नसते.

यात मोठ्या चित्रपटाचा दोष नाही. तोही उत्तम रचलेला असू शकतो, आणि त्याच्या गर्दीवरच थिएटरचे वीजबिल आणि पगार निघतात. पण त्याची आखणी पहिल्या तीन दिवसांत पैसे गोळा करण्यासाठी असते. छोट्या चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नसतो, म्हणून तो लोकांच्या तोंडूनच पसरतो आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. दोघांना एकाच सोमवारच्या मापाने मोजायचे, हीच मुळात चूक आहे.

शिवाय छोटा चित्रपट जास्त आठवडे चालवण्याचा हिशेब थिएटरच्या तोट्याचा नाही. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा संप मिटला, तेव्हा ठरलेल्या वाटणीत निव्वळ उत्पन्नातला वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता होता. समजा, १०० रुपयांची १२० तिकिटे गेली. कर वेगळा धरला तर हे १२,००० रुपये झाले. पहिल्या आठवड्यात थिएटरकडे त्यातले ६,००० राहतात, तिसऱ्यात ७,५०० आणि चौथ्यात ८,४००. म्हणजे उशिरा येणारा प्रेक्षक थिएटरला जास्त देऊन जातो. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यावरच्या तिकिटाला मात्र १८ टक्केच आहे. छोट्या चित्रपटाचे तिकीट १०० रुपयांच्या आत ठेवायला याहून चांगले कारण नाही.

कलात्मक चित्रपट पडला तो कलेमुळे, असे म्हणणाऱ्यांनी जुना इतिहासही पाहावा. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून १९६९ मध्ये ‘भुवन शोम’ झाला आणि समांतर चित्रपटाची वाट मोकळी झाली. पण सरकारने चित्रपट काढायला पैसे दिले, ते दाखवायची सोय मात्र केली नाही. त्यातले कित्येक चित्रपट डब्यातच राहिले. याउलट ‘अंकुर’ (१९७४) ला पैसा दिला तो थिएटरांत जाहिरातपट पोहोचवणाऱ्या ब्लेझ कंपनीने. देशभरच्या टॉकीजवाल्यांशी तिचा आधीपासून व्यवहार होता. ‘मंथन’ (१९७६) साठी गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, आणि तेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले. पानवलकरांची कथा आणि तेंडुलकरांची पटकथा असलेला ‘अर्धसत्य’ १९८३ मध्ये चांगला चालला. ‘अंकुर’ आणि ‘मंथन’ चालले ते कलेत तडजोड केली म्हणून नव्हे. पडद्यापर्यंतचा आणि प्रेक्षकापर्यंतचा रस्ता आधी तयार होता, म्हणून चालले.

आपला रस्ता अधिक अडचणीचा आहे. १९५६ मध्ये आपण राज्याच्या नकाशात मुंबईकडून म्हैसूरकडे (आजच्या कर्नाटकात) गेलो, पण हिंदी चित्रपटाच्या वितरणाच्या जुन्या नकाशात बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई सर्किटमध्येच राहिले. मुंबईच्या वितरकाला बेळगाव म्हणजे सर्किटचे टोक, आणि बेंगळुरूच्या प्रसिद्धीत आपण धरलेलेच नसतो. त्यात इथले मोजके पडदे हिंदी, कन्नड, मराठी आणि तेलुगू अशा चार भाषांत वाटले जातात. म्हणूनच कोणी मागितल्याशिवाय छोटा चित्रपट इथे येणार नाही.

आता ज्या गोष्टीकडे कोणीच लक्ष देत नाही ती सांगतो: आवाज आणि उजेड. थिएटरच्या ध्वनियंत्रणेवर आवाजाची प्रमाणित खूण ७ असते, आणि चित्रपटाचे ध्वनिमिश्रण त्याच पातळीवर ऐकून केलेले असते. मोठे चित्रपट फार कर्कश मिसळलेले असतात. प्रेक्षक तक्रार करतात, मग ऑपरेटर खूण ४.५ किंवा ५ वर आणतो आणि तिथेच ठेवतो. पुढच्या खेळाला शांत चित्रपट लागला की त्याचा आवाज सात-आठ डेसिबलने कमी झालेला असतो. पुटपुटलेला संवाद, पावसाची झड, दूरच्या गाडीची शिट्टी, काहीच ऐकू येत नाही. ज्या चित्रपटात या आवाजांवरच प्रसंग उभा असतो, तो साहजिकच ‘कंटाळवाणा’ ठरतो. उजेडाचेही तेच. पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचे एकक) उजेड हवा. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना झाला, किंवा थ्रीडी चित्रपटासाठी प्रोजेक्टरपुढे लावलेली काच काढायची राहून गेली, तर उजेड निम्म्यावर येतो. झगमगीत नाचगाण्यात ते खपून जाते. कंदिलाच्या उजेडात चित्रित केलेल्या प्रसंगात चेहराच दिसत नाही. प्रत्येक चित्रपटाआधी दोन मिनिटे आवाज तपासणे आणि काच काढल्याची खात्री करणे, एवढे ऑपरेटरला सहज जमते. आणि ज्या चित्रपटाला मध्यंतर नाही, तो प्रसंगाच्या मधोमध तोडू नये.

थिएटर मिळत नसेल तर चित्रपट मंडळ काढता येते. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदणीला किमान सात सभासद लागतात. पुढे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न होता येते. ही संघटना १९५९ ची, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. ओटीटीचे वर्गणी खाते उघडून सभागृहात चित्रपट दाखवणे मात्र बेकायदा आहे. ते खाते घरगुती वापरासाठी असते. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी आणि त्या खेळाचे शुल्क ठरवावे. चित्रपट डीसीपी (थिएटरसाठीच्या डिजिटल प्रती) स्वरूपात येणार असेल तर फाईल १०० ते २०० जीबीची असते आणि ती सर्व्हरवर चढवायला काही तास लागतात. ही फाईल बहुधा कुलूपबंद असते, आणि ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक तारखांनाच चालते. म्हणून सर्व्हरचा क्रमांक आधी कळवावा आणि किल्ली आदल्या दिवशी लावून पाहावी. ऐनवेळी ती लागली नाही आणि किल्ली देणारी कचेरी बंद असली, तर खेळच रद्द होतो.

साध्या सभागृहात १० फूट रुंद पडद्याला ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण खिडक्या पूर्ण झाकलेल्या हव्यात. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना उपशीर्षके दिसत नाहीत. भाषणांसाठी बांधलेल्या सभागृहात आवाज घुमतो. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर जाड पडदे सोडले आणि एक स्पीकर पडद्याच्या अगदी खाली ठेवला, तर संवाद बरेच स्पष्ट होतात.

थिएटरचालकांना आमची विनंती आहे की महिन्यातून एका छोट्या हिंदी चित्रपटाला संध्याकाळी सहाचा एक खेळ सलग तीन आठवडे द्यावा, आणि बुकिंग बुधवारीच उघडावे. आपल्या दैनिकानेही गुरुवारच्या अंकात प्रत्येक चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, थिएटर आणि खेळाची नेमकी वेळ छापावी. खानापूरहून येणारा माणूस त्यावरून परतीची बस ठरवू शकेल.

आपले,
चित्रपट अभ्यासक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव