तेलाचा वास विचारणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचा नंबर मालकांकडे आहे, पण हे फोनवर बोलायला मला जमणार नाही. म्हणून इथं, चारचौघांत लिहितोय.

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या हायड्रॉलिक प्रेसच्या तेलाला जळकट, आंबूस वास मारतोय, हे मी उन्हाळ्यापासून सांगत होतो. तेल विकणारा आला, बाटली उजेडात धरली आणि ‘रंग तर बरा आहे’ म्हणून चहा पिऊन गेला. सर्व्हिसवाल्यानं पंप बदलून बिल लावलं. वासाचं काढलं की दोघंही मालकांकडं बघून हसायचे. ऑपरेटरच्या नाकाला कोण विचारतंय!

मग तेल तपासायला तुम्ही आलात, आणि मशीनला हात लावायच्या आधी माझ्याकडं वळलात. ‘वास कधीपासून येतोय? कुठल्या पाळीला जास्त?’ मी म्हटलं, दुपारी. तुम्ही खिशातली डायरी काढली, चष्मा लावला आणि ते लिहून घेतलंत. ‘दुपारी’च्या खाली रेघसुद्धा मारलीत. मालक शेजारीच उभे होते. इतकी वर्षं मशीनवर आहे, पण माझं बोलणं कुणी कागदावर उतरवल्याचं आठवत नाही. त्या रात्री घरी बायकोला तेवढंच सांगितलं, बाकी काही नाही.

तापल्या पत्र्यावर थेंब टाकलात, तडतडला नाही. म्हणजे तेलात पाणी नव्हतं. रंग उशिरा बदलतो, हे तुमच्याकडूनच कळलं. आधी ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं तेल बिघडणं, रोखणारं रसायन संपत जातं, मग आम्ल वाढतं. आणि तेल 10 अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. लॅबमध्येही तेच निघालं: आम्लांक, म्हणजे तेलातल्या आम्लाचं माप, नव्या तेलापेक्षा चढलेला, तेल घट्ट झालेलं. दुखणं तेल थंड करणाऱ्या कूलरचं होतं, नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार साचलेला. पंप बिचारा फुकट बदलला गेला. नुसतं नवं तेल भरलं असतं, तर तेही जळालंच असतं.

हुशार माणसं किर्लोस्करवाडीपासून मिरजेपर्यंत पैशाला पासरी मिळतील. हाताखालच्या माणसाला आधी विचारायला मात्र मन लागतं, आणि ते डिग्रीबरोबर मिळत नाही.

आता तेलाचा नमुना मीच काढतो, तुम्ही दाखवलात तसा, चालू मशीनवर. पुढची बाटली सोमवारी पाठवतोय. वासाचं चिठ्ठीवर लिहिलंय, तेवढं वाचा.

तुमचा,
दुसऱ्या पाळीचा प्रेस ऑपरेटर, कुपवाड