आघात शिकवा, ताल राहू द्या

महोदय,

आपल्या शैक्षणिक पुरवणीतील इंग्रजी उच्चारांवरचा लेख वाचला. ‘भारतीयांचे इंग्रजी सपाट असते, ते सुधारायला हवे’ हे त्यातले म्हणणे मला अर्धेच पटले.

लंडनचा माणूस आघाताचे, म्हणजे जोर दिलेले, अक्षर ताणतो आणि उरलेली चक्क गिळतो. आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. सिंगापूर आणि नायजेरियातले लोकही बरेचसे तसेच बोलतात. भाषांच्या तालाचे हे दोन प्रकार अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये मांडले. पुढे उपकरणांनी मोजणी झाली तेव्हा फरक कमी-अधिक प्रमाणाचा निघाला, कोणतीच भाषा चौकटीत नेमकी बसेना. मग आपल्या तालालाच दोष का द्यायचा?

आघाताच्या जागेचे मात्र तसे नाही. हैदराबादचे उच्चारशास्त्राचे अभ्यासक आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत कळते याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भलत्या जागी दिलेला आघात हे न कळण्याचे एक मोठे कारण ठरले होते. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आपण दोन्ही एकसारखेच म्हणतो. ‘आय कॅन कम’ म्हणताना अमेरिकन माणूस ‘कॅन’चे जेमतेम ‘कन’ करतो. आपण ‘कॅन’ ठासून म्हटला की त्याला ‘कान्ट’चा, म्हणजे त्याच्या तोंडच्या ‘कॅन्ट’चा, भास होतो. आपण येतो म्हणालो आणि त्याने येत नाही असे ऐकले, तर फोनवर पंचाईतच!

यासाठी साहेबाची नक्कल करायची गरज नाही. साहेबांचे तरी कुठे एकमत आहे? ‘लॅबोरेटरी’त इंग्रज दुसऱ्या अक्षरावर जोर देतो, अमेरिकन पहिल्यावर. तरीही ‘अ‍ॅक्सेंट’चे क्लास भरमसाट फी घेऊन जीभ वळवून ‘र’ म्हणायला शिकवतात. शब्दकोशात अक्षराच्या आधी असलेली छोटी उभी रेघ ही आघाताची खूण असते, हे मात्र पदवीधरांनाही अनेकदा ठाऊक नसते.

लेखमालेच्या पुढच्या भागांत उच्चार देवनागरीत देताना आघाताचे अक्षर ठळक छापावे, ही विनंती. सुरुवात ‘फोटोग्राफ’ आणि ‘फटॉग्रफर’पासून करता येईल. पहिल्यात जोर ‘फो’वर, दुसऱ्यात ‘टॉ’वर.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा