वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाचा अभ्यासासाठी उपयोग व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सूचना, शुल्काची आठवण आणि गृहपाठाचे फोटो यांपलीकडे फारसे काही दिसत नाही, याचे एक शिक्षिका म्हणून मला वाईट वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराविषयी शिकवताना मी नववीच्या मुलांना घरातील वा शेजारच्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून गटावर पाठवायला सांगितले. पाणी कुठवर चढले, याविषयी दोन आजोबांचे म्हणणे जुळेना; तेव्हा कोणाचे आणि कशाच्या आधारे खरे मानायचे, यावर मुले तास संपल्यानंतरही हिरिरीने वाद घालत राहिली. नुसत्या प्रश्नोत्तरांनी हे साधत नाही.

मात्र असा गट शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि पालकांच्याच मोबाइलवरून चालावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. त्या संमतीपत्राचा सोपा मराठी नमुना शिक्षण विभागाने शाळांना द्यावा. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, त्या मुलांसाठी शाळेने आपला एक फोन उपलब्ध ठेवावा, ही विनंती.

– एक शिक्षिका, पुणे