बाबांच्या डायरीचा भाऊबंद

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

गेल्या रविवारी सेलबर्नला जाऊन आले. इंग्लंडातल्या हँपशरमधलं गाव. ऑल्टनपर्यंत रेल्वे, पुढे बस. गावाच्या पाठीला बीचच्या झाडांनी गच्च भरलेली टेकडी आहे. खडूची टेकडी बरं का बाबा, आपल्यासारखी जांभ्याची नाही. पाऊस पडून गेला होता, तर बुटांना पांढरी लापी चिकटली आणि घरी येईपर्यंत सुटली नाही. वर जायची नागमोडी वाट १७५३ मध्ये गिल्बर्ट व्हाइट आणि त्याच्या भावाने खोदली.

हा व्हाइट म्हणजे अगदी तुम्हीच! चर्चमधला पाद्री, पण जन्मभर नोंदी करत राहिला: पाऊस किती पडला, पहिली पाकोळी कधी दिसली, काकड्या कधी लागल्या. हुबेहूब सारखे दिसणारे तीन पक्षी त्याने नुसत्या आवाजावरून वेगळे ओळखले. पाकोळ्या हिवाळ्यात दूर जातात की इथेच कुठेतरी दडून झोपतात, हे कोडं मात्र त्याला शेवटपर्यंत नीट सुटलं नाही. (इथल्या जातात थेट दक्षिण आफ्रिकेत. आपल्या तारांवर बसतात त्या वेगळ्या, उत्तरेकडून येतात.) मधमाश्यांना ऐकू येतं का हे बघायला पोळ्याजवळ भोंगा धरून ओरडलासुद्धा! आई, तू म्हणशील, घरोघरी मातीच्या चुली.

तुझ्यासाठीही एक गोष्ट आहे. तो लिदीचा ढीग घालून त्याच्या उबेवर खरबुजं पिकवायचा, या थंडीत. आणि आत्याकडून आलेलं एक कासव पाळलं होतं, टिमथी नावाचं. त्याला उचलून तराजूत घालायचा. मेल्यानंतर कळलं की ती मादी होती.

१७८३ च्या उन्हाळ्यात कित्येक दिवस भर दुपारी सूर्य फिकट, आणि उगवता-मावळताना रक्तासारखा लाल, असं त्याने लिहून ठेवलंय. लोक घाबरले होते. आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटला होता, पण हे त्या वेळी त्याला कुठून कळणार? त्याने दिसलं ते लिहिलं, बस्स.

चर्चच्या अंगणात यूचं प्रचंड जुनं झाड होतं, जानेवारी १९९० च्या वादळात पडलं. आता नुसता बुंधा आहे. व्हाइटचा दगड तर शोधावाच लागतो, गुडघ्याएवढाही नाही. नावही पुरतं नाही, दोन आद्याक्षरं आणि २६ जून १७९३.

तिथे उभी असताना तुमच्या बँकेच्या फुकट डायऱ्या आठवल्या. ‘पावशा ओरडला. लाइट गेले.’ आम्ही हसायचो. बाबा, त्या माळ्यावर असतील तर खाली काढा, वाळवी बघा. आणि आई, २००५ ची सापडली तर २६ जुलैला काय लिहिलंय ते मला फोनवर वाचून दाखव.

तुमची,
ताई