आकृतीतल्या रेषा

प्रिय मनू,

काल पाठवलेला पेशीच्या आकृतीचा फोटो पाहिला. रेखीव आली आहे, नावंही सगळी जागच्या जागी आहेत. पण खाली तू लिहिलंयस, ‘सगळं पाठ आहे आणि कळलेलं काहीच नाही.’ वाचून आधी हसू आलं, मग माझी स्वतःची वही आठवली. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, गॉल्जी संकुल म्हणजे पोस्ट ऑफिस. मीही हेच घोकून पास झाले. फोनवर सांगायला घेतलं की तुला कुठेतरी पळायचं असतं, म्हणून लिहितेय.

आकृती काढताना तू प्रत्येक अंगकाभोवती, म्हणजे पेशीतल्या प्रत्येक छोट्या भागाभोवती, एक रेष ओढलीस, कुठे दोन ओढल्यास. त्या तुला नुसत्या कडा वाटल्या असणार. ते पडदे आहेत गं, आणि दृश्यकेंद्रकी, म्हणजे आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या, पेशीची निम्मी गंमत त्या पडद्यांत आहे. हे पटल जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचं. तुझ्या वहीच्या एका कागदाच्या जाडीत असे वीसेक हजार पडदे मावतील. म्हणून ‘याचं काम काय’ हे विचारण्याआधी ‘इथे आडोसा कशाला लागला’ असं विचारून बघ.

मला ही सवय एका चुकीमुळे लागली. कॉलेजात प्रॅक्टिकलला उंदराच्या यकृताचा तुकडा मिळाला होता. तो लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकायचा, हे दहा वेळा सांगितलं होतं. मी नाही टाकला; गप्पांच्या नादात तो रात्रभर रिकाम्या डबीत पडून राहिला. दुसऱ्या दिवशी स्लाइड केली, तर मैत्रिणीच्या स्लाइडवर निळी टपोरी केंद्रकं आणि माझ्या स्लाइडवर नुसता गुलाबी धुरळा. मला वाटलं जंतूंनी खाल्लं. मॅडम म्हणाल्या, जंतूंच्या आधी त्या पेशींनीच स्वतःला खाल्लं. ऑक्सिजन बंद झाला, पडदे सुटले आणि लयकारिकांमधली विकरं (एन्झाइम, पचवून मोडणारी प्रथिनं) बाहेर पडली. मार्क गेले ते गेलेच, पण हे वाक्य डोक्यात बसलं.

गंमत म्हणजे लयकारिकांचा शोधही उंदराच्या यकृतातूनच लागला, आणि तोही तुकडा पडून राहिल्यामुळे. 1949 साली बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द दूव यकृतातल्या एका विकरावर काम करत होते. सोबत तुलनेसाठी आम्ल फॉस्फटेज नावाचं दुसरं विकर मोजत होते. पेशी हलक्या हाताने फोडल्या, तर त्याची क्रिया अपेक्षेच्या दहा टक्केच भरली. नमुना फ्रिजमध्ये ठेवून दिला. पाच दिवसांनी पुन्हा मोजलं, तर क्रिया चांगलीच वाढलेली! मोजण्यात चूक झाली म्हणून हे सोडून देता आलं असतं. त्यांनी ते सोडलं नाही. विकर पहिल्या दिवशीही तिथेच होतं, फक्त एका पिशवीत बंद होतं. फ्रिजमध्ये पिशवी हळूहळू फाटली, एवढाच त्याचा अर्थ. 1955 मध्ये त्यांनी या पिशव्यांना लायसोझोम, म्हणजेच आपली लयकारिका, असं नाव दिलं. म्हणजे हे अंगक डोळ्यांना दिसण्याआधी हिशोबात सापडलं. मला हा शोध फार आवडतो.

आता आडोसा कशाला, ते बघ. लयकारिकेत पन्नासहून जास्त प्रकारची पाचक विकरं असतात. त्यांना आम्ल लागतं, म्हणून आतला सामू (पीएच) 5 च्या जवळपास ठेवलेला असतो. बाहेर पेशीद्रव्यात तो 7.2 असतो. म्हणजे या एवढ्याशा पडद्याच्या दोन बाजूंना आम्लतेत शंभराहून जास्त पटींचा फरक. शिवाय पिशवी जराशी गळली, तरी बाहेरच्या सामूत ही विकरं मंदावतात. म्हणून ‘आत्मघाती पिशवी’ हे नाव मला पटत नाही. रोजचं काम आहे झिजलेले भाग मोडून कच्चा माल परत देण्याचं. जुनाट झालेली तंतुकणिकासुद्धा आधी एका पटलात गुंडाळली जाते आणि मग इथे येते. या व्यवस्थेची जनुकं यीस्टमध्ये शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं.

तंतुकणिकेभोवती तू दोन रेषा काढल्यास, आतली वळ्यावळ्यांची. छान. पण त्या आतल्या पडद्याचं काम काही राखून ठेवण्याचं नाही, अडवून ठेवण्याचं आहे, धरणाच्या भिंतीसारखं. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात (आपण श्वास घेतो तो याचसाठी) आणि वाटेत सुटलेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. तिथे ते तुंबतात. परतायला वाट जवळजवळ एकच, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून. हे प्रथिन खरोखर फिरतं, सेकंदाला शंभरेक फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते त्या रेणूचे, तीन रेणू तयार होतात. पडद्याच्या दोन बाजूंतला विद्युतदाब सुमारे 150 मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याला 5 नॅनोमीटरने भागून बघ: मीटरला तीन कोटी व्होल्ट! पीटर मिचेल यांनी ही कल्पना 1961 मध्ये मांडली तेव्हा भल्याभल्यांना ती पटली नव्हती. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

धरणाला मुद्दाम भोक पाडलं तर? तेही शरीर करतं. नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या पात्यांमध्ये तपकिरी चरबी असते, आणि तिथल्या तंतुकणिकांच्या आतल्या पडद्यात एक वेगळं प्रथिन असतं. ते प्रोटॉनना एटीपी न बनवताच परत येऊ देतं, आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तू पहिल्या दिवशी दुपट्यात गुंडाळलेली असायचीस आणि तुझी पाठ कोमट लागायची. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की बाळ ऊबदार आहे.

आणि तंतुकणिकांना अशा दोन कॅप्सूल तरंगत असल्यासारखं नको काढूस. जिवंत पेशीत त्या एकमेकींना जुळतात, तुटतात, लांब धाग्यांचं जाळं होतात. नावातच आहे की, तंतू आणि कणिका. यकृताच्या एका पेशीत हजाराच्या वर असतात. त्यांचं डीएनए वेगळं, 16,569 बेसजोड्यांचं, जुन्या काळी गिळलेल्या जिवाणूची खूण. ते आईकडून येतं. याबाबतीत तुझ्या बाबांनी बोलायचं काम नाही.

केंद्रकाचा पडदा वेळ मिळावा म्हणून आहे, असं मला वाटतं. जिवाणूत डीएनए उघड्यावरच असतं. त्याच्यावरून आरएनएची प्रत निघत असतानाच रायबोझोम तिच्यावर बसून प्रथिन बनवायला लागतो. आपल्या जनुकांत मधे मधे न वाचायचे तुकडे असतात. ते कापून, उरलेले जोडून प्रत नीट झाल्यावरच ती छिद्रांतून बाहेर सोडायची. घाई झाली तर प्रथिन चुकीचं.

माझ्या या म्हणण्याला अपवाद आहेत, तेही सांगते, नाहीतर वर्गात मला तोंडघशी पाडशील. रायबोझोमला पटल नाही, म्हणून त्याला अंगक म्हणावं का यावर अजून वाद घालतात. केंद्रकातल्या केंद्रिकेलाही पटल नाही. ती पाण्यातल्या तेलाच्या थेंबासारखी आपोआप वेगळी राहते. वनस्पतींची हरितलवकं आणि भलीमोठी रिक्तिका तू स्वतः याच प्रश्नाने सोडव. हरितलवकात धरणाचीच युक्ती आहे, फक्त ढकलणारा सूर्यप्रकाश.

उरली ती आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे पेशीतलं पटलांचं जाळं, आणि गॉल्जी. या दोघी तू आकृतीत लांब लांब काढल्यास, तेवढं मात्र खटकलं. जालिका केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाला जोडलेलीच असते. प्राणिपेशीतल्या एकूण पटलाचा निम्मा भाग साधारण हिचाच. प्रतिपिंडासारखं बाहेर पाठवायचं प्रथिन बनता बनताच तिच्या पोकळीत ओवलं जातं. त्या क्षणी त्याने एकदा पडदा ओलांडला, की पुन्हा ओलांडायचा नाही. इथे त्याची घडी बसते, तपासली जाते. मग पटलाचा एक फुगा सुटतो, गॉल्जीत मिसळतो, तिथून दुसरा सुटतो आणि शेवटी पेशीच्या कडेला मिळून बाहेर उघडतो. म्हणजे जालिकेचं ‘आत’ हे एका अर्थी पेशीचं ‘बाहेर’च आहे. हे कळलं त्या दिवशी मी जेवताना सगळ्यांना सांगत सुटले होते. कोणी ऐकलं नाही.

घडीची तपासणी कधी कधी नको इतकी कडक असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या बहुतेक रुग्णांत एका प्रथिनातलं एक अमिनो आम्ल गळलेलं असतं. ते प्रथिन थोडंफार काम करू शकलं असतं, पण जालिका त्याला बाहेर सोडतच नाही, मोडून टाकते.

गॉल्जीवर तर कित्येक वर्षं कोणी विश्वासच ठेवला नाही. कामिल्लो गॉल्जींनी 1898 मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींत ते जाळं दाखवलं. पुष्कळांनी हा रंगाचा डाग असल्याचं म्हटलं. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या चपट्या पिशव्यांची चळत दिसली, तेव्हा वाद मिटला.

आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही गॉल्जी दिसतं बरं का, न रंगल्यामुळे. बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) स्लाइडवर प्लाझ्मा सेल शोधायची. केंद्रक एका कडेला सरकलेलं, बाकी पेशी गडद निळी. तो निळा रंग जालिकेवर दाटीने बसलेल्या रायबोझोममधल्या आरएनएचा. कारण ही पेशी प्रतिपिंडं बनवते, सेकंदाला हजारांच्या घरात. आणि केंद्रकाला लागूनच एक फिकट चांदवा राहतो. तिथे रायबोझोम नाहीत, नुसतं फुगलेलं गॉल्जी.

शिकवायच्या जुन्या स्लाइडवर परवा अशी एक सापडली. आयपीसला मोबाइल लावून फोटो काढलाय, थोडा हलला आहे. सोबत पाठवते. वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन निळ्या पेशी आहेत, त्यातल्या मधल्या पेशीत चांदवा शोध. दिसला तर तुझ्या आकृतीतलं गॉल्जी खोडून केंद्रकाशेजारी आण, आणि मला नवा फोटो पाठव.

तुझी,
आई